भाद्रपदातली भिंत

मे महिन्यातल्या एका शनिवारी इंग्लंडमधल्या वोकिंग गावाजवळच्या एका रोपवाटिकेत मी क्लेमॅटिस या फुलवेलीच्या कुंड्यांसमोर बराच वेळ उभी होते. पुढच्या रांगेतल्या वेलींवर बशीएवढी फुले उमलली होती. फिकट गुलाबी पाकळीच्या मधोमध गडद पट्टा असलेली 'नेली मोझर' तर लोक हातोहात नेत होते. मागच्या रांगेत मात्र बांबूच्या काडीला बांधलेल्या, नुकत्या पानावर आलेल्या बारीक वेली उभ्या होत्या, त्यांच्यावर कळीचाही पत्ता नव्हता. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाईंनी मला विचारले की वेल कुठे चढवायची आहे. मी सांगितले, परसातल्या जुन्या लाल विटांच्या भिंतीवर, दुपारनंतर ऊन येते तिथे. रंग कोणता, उंची किती, दोन वेली जवळजवळ लावल्या तर चालतील का, या सगळ्यांची उत्तरे मी तयार ठेवली होती. बाईंनी त्यांतले काहीच विचारले नाही. त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "त्या भिंतीकडे तुम्ही कोणत्या महिन्यात बघणार आहात?" मला उत्तर देता आले नाही. विचार करून पुन्हा येते, असे सांगून मी रिकाम्या हाताने घरी आले, आणि तो प्रश्न पुढचे कितीतरी दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीशी माझ्याबरोबर उभा राहिला.

भिंत ती खिडकी उघडली की समोरच दिसते. पुरुषभर उंचीची, वरच्या कडेला शेवाळ धरलेली, चुन्याच्या दरजा कुठेकुठे झिजलेली. इंग्लंडमध्ये फुलांची आरास वर्षाच्या पहिल्या अर्ध्यातच बहुतेक उरकते, हे इथे चार वर्षे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. थंडी सरायच्या आधी स्नोड्रॉप, मार्चमध्ये डॅफोडिल, एप्रिलमध्ये चेरी, मे महिन्यात जंगलातल्या निळ्या घंटा आणि घरांच्या दर्शनी भिंतींवरून ओघळणारा विस्टेरिया, जूनमध्ये गुलाब. या दिवसांत डोळ्यांना एवढे काही मिळत असते की माझ्या भिंतीने त्यात भर घातली काय आणि न घातली काय, फारसा फरक पडला नसता. जुलैचा मध्य उलटला की मात्र बागा दमतात. गवत पिवळे पडते, गुलाबाचा पहिला बहर झडून जातो, झाडांचा हिरवा रंग जड आणि काळपट होतो. आणि नेमक्या त्याच सुमारास माझ्या मनातले कॅलेंडर जागे होते, कारण ते नाशिकला छापलेले आहे. आषाढ सरला की आमच्या अंगणात तेरडा, गुलबक्षी, सोनटक्का, जाई एकामागून एक यायला लागत. भाद्रपदात पहाटे प्राजक्ताचा सडा पडे, आणि हरितालिकेपासून अनंत चतुर्दशीपर्यंत फुलांची परडी कधी रिकामी म्हणून राहत नसे. इथे त्याच दिवसांत मी गणपतीसाठी सुपरमार्केटमधून प्लास्टिकच्या वेष्टनातली शेवंती आणत होते. ती शेवंती वाईट नसते. पण ती माझ्या दारची नसते, आणि देवापुढे ठेवताना मला ते दर वर्षी जाणवत असे.

मला भाद्रपदातली भिंत हवी होती.

एकदा महिना ठरला की क्लेमॅटिसच्या शेकडो जातींमधली वाट आश्चर्य वाटावे इतकी सोपी होते. इथले माळी या वेलींचे छाटणीवरून तीन गट करतात, आणि त्या गटांचे मूळ फूल कोणत्या लाकडावर येते यात आहे. पहिल्या गटातल्या वेली, उदाहरणार्थ हिमालयातून आलेली मोंटाना, गेल्या वर्षीच्या जुन्या काड्यांवर एप्रिल-मे महिन्यात फुलतात, म्हणून त्यांना फुले येऊन गेल्यावर हलकेच आवरायचे असते. दुसऱ्या गटातल्या वेलींना, म्हणजे नेली मोझर आणि तिच्या मोठ्या फुलांच्या बहिणींना, जुन्या काडीवरच्या आखूड फुटव्यांवर मे-जूनमध्ये फुले येतात. तिसरा गट उशिरा फुलणाऱ्यांचा. त्यांची फुले त्याच वर्षी फुटलेल्या कोवळ्या वाढीच्या टोकाशी येतात. आधी वेलीने जमिनीपासून निघून दोन-तीन मीटर वाढायचे आणि मग कळी धरायची, म्हणून त्यांना जुलै उजाडतो, आणि म्हणूनच त्यांचा बहर सप्टेंबरपर्यंत, काही जातींचा तर ऑक्टोबरपर्यंत टिकतो. त्यांचा उशीर हा स्वभावाचा भाग आहे. खताने किंवा उन्हाने तो फारसा बदलता येत नाही, आणि बदलावा असे मला कधी वाटलेही नाही.

मी वोकिंगमध्ये राहते याचाही या निवडीशी संबंध आहे. गावाच्या सेंट जॉन्स भागात जॅकमन्स लेन नावाचा रस्ता आहे. त्या भागात जॅकमन घराण्याची रोपवाटिका होती, १८१० मध्ये सुरू झालेली. जॉर्ज जॅकमन यांनी १८५८ मध्ये चीनमधून आलेली मोठ्या फुलांची लानुगिनोझा आणि दक्षिण युरोपातली काटक व्हिटिसेला यांच्या रक्ताचा संकर केला. त्यातून निघालेल्या रोपांना १८६२ मध्ये मखमली जांभळी फुले आली, आणि पुढच्याच वर्षी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्या वेलीला पहिल्या दर्जाचे प्रमाणपत्र दिले. तीच 'जॅकमनी'. आज जगभरच्या कुंपणांवर दिसणारी ही वेल माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जन्माला आली, हे कळल्यावर मी एकदा मुद्दाम तो रस्ता धरून हिंडून आले. तिथे आता घरे आहेत, नीट कापलेली हिरवळ आहे, मोटारी उभ्या आहेत. माती मात्र तीच, बॅगशॉटची हलकी, पिवळसर, पाणी न धरणारी वाळू. या मातीत एवढी रसरशीत वेल उभी करणाऱ्या माणसांनी किती शेणखत ओतले असेल, याचा अंदाज मला पुढे स्वतःचा खड्डा खणताना आला.

जॅकमनीच्या यशानंतर मोठ्या फुलांच्या संकरांची लाट आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती ओसरलीही, कारण मर रोगाने बागाच्या बागा काळवंडल्या. काल ताठ असलेली, कळ्यांनी भरलेली वेल आज शेंड्यापासून मान टाकते आणि दोन दिवसांत पानांसकट काळी पडते. हा बुरशीचा रोग आहे, आणि त्याचा मुख्य रोख मोठ्या फुलांच्या संकरांवर असतो. व्हिटिसेला कुळातल्या वेली त्याला सहसा बळी पडत नाहीत. माझा कल व्हिटिसेलाकडे झुकला तो प्रथम या कारणाने. फूल लहान, फार तर तळहाताच्या खळग्यात मावेल एवढे, पण संख्येने अमाप, आणि मान किंचित खाली घातलेली. मोठे ताटलीसारखे फूल पावसाच्या एका सरीत फाटते. व्हिटिसेलाचे फूल तीच सर अंगावर घेऊन निथळते आणि तसेच राहते. ऑगस्ट-सप्टेंबरमधला इथला पाऊस बघता हा गुण मला रंगापेक्षा मोलाचा वाटला.

रंगाचा विचार मात्र मी हट्टाने केला, कारण लाल विटांची भिंत ही सोपी पार्श्वभूमी नाही. वाइन-लाल 'मादाम ज्युलिया कोरेव्हों' ही माझ्या मते व्हिटिसेलातली सगळ्यात देखणी वेल, पण विटेवर ती विटेतच विरून जाते. तिच्यामागे हिरवे कुंपण किंवा पांढरा चुना हवा. गर्द जांभळा रंग दुपारी शोभतो आणि दिवेलागणीला सर्वांत आधी नाहीसा होतो. कामावरून घरी येऊन मी खिडकीशी उभी राहते ती नेमकी त्याच वेळी. म्हणून पांढरी 'आल्बा लक्झुरिअन्स' आधी नक्की केली. तिच्या पाकळ्यांची टोके हिरवी असतात, जणू फूल होता होता ती थोडी पानच राहिली आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने क्लेमॅटिसला खरी पाकळी नसतेच, आपण पाकळी म्हणतो ती रंग चढलेली निदलेच, म्हणजे कळीला झाकणारी पानेच असतात, आणि आल्बा लक्झुरिअन्सकडे बघताना ते पुस्तक न उघडता समजते. तिच्या शेजारी निळसर 'पेर्ल दाझ्युर'. ही फ्रान्समधल्या लियों शहरातल्या फ्रान्सिस्क मोरेल यांनी १८८५ मध्ये निर्माण केली, आणि मर रोगाने उध्वस्त झालेल्या काळानंतर क्लेमॅटिसवरचा विश्वास परत आला त्यात मोरेल यांच्या वेलींचा मोठा वाटा आहे. विटांच्या तांबूस रंगावर तिचा निळा जितका खुलतो तितका मी दुसऱ्या कोणत्याही पार्श्वभूमीवर पाहिलेला नाही.

तिसरी वेल मी माझ्याच नियमाविरुद्ध आणली. 'पोलिश स्पिरिट' गर्द जांभळी आहे आणि संध्याकाळी ती दिसत नाही, हे मला माहीत होते. पण ती वॉर्सामधल्या जेझुइट मठातले ब्रदर श्तेफान फ्रान्चाक यांनी १९८४ मध्ये घडवली. पोलंडमधल्या त्या कठीण वर्षांत एक माणूस शहरातल्या मठाच्या बागेत वर्षानुवर्षे क्लेमॅटिसची बीजे पेरतो, रोपे निवडतो, पुन्हा पेरतो, आणि त्याच्या हातच्या वेली पुढे जगभर जातात. ते वाचल्यापासून मला ती वेल माझ्या भिंतीवर हवीच होती. रंगाच्या हिशेबात न बसणारी एखादी वेल बागेत असावी. मी तिला उन्हाच्या बाजूच्या टोकाला जागा दिली आहे, आणि सुटीच्या दिवशी दुपारी चहा घेऊन मी तिच्याकडेच तोंड करून बसते.

लागवड आम्ही ऑक्टोबरमध्ये केली, माती अजून उबदार आणि ओली असताना. भिंतीच्या पायथ्याशी वेल लावू नये, कारण भिंत पाऊस अडवते. कितीही झड लागली तरी भिंतीलगतचा हातभर पट्टा कोरडाच राहतो, आणि शिवाय वीट स्वतः मातीतले पाणी शोषून घेते. म्हणून दीड फूट अंतर सोडून खड्डे घेतले आणि रोपे भिंतीकडे झुकती लावून बांबूच्या काडीने त्यांना वाट दाखवली. आमची वाळू ओंजळीत धरली तर बोटांमधून निघून जाते. तीत कुजलेला पालापाचोळा, शेणखत आणि घरच्या कचऱ्याचे खत इतके मिसळले की खड्ड्यातून निघालेल्या मातीपैकी निम्मी परत गेलीच नाही. रोप कुंडीत होते त्यापेक्षा चार बोटे खोल बसवायचे, हा क्लेमॅटिसच्या लागवडीतला सर्वांत महत्त्वाचा नियम. बहुतेक झाडांना असे गाडले तर ती कुजतात, पण या वेलीचे मातीखाली गेलेले डोळे पुढे उपयोगी पडतात. वरचा भाग मर रोगाने, गोगलगाईंनी किंवा मुलांच्या चेंडूने गेला तरी खालून नवा फुटवा येतो. मग बुंध्याभोवती सपाट दगड मांडले, म्हणजे मुळांवर सावली राहते आणि ओल टिकते. शेंडा उन्हात, पाय सावलीत, असे इथले लोक म्हणतात. माझ्या अनुभवाने सावलीपेक्षा ओलीचे महत्त्व जास्त आहे. पहिल्या उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक वेलीला मोठी झारीभर पाणी मी सावकाश जिरवत असे, आणि पाणी मातीत उतरताना होणारा तो बारीक चुरचुर आवाज ऐकत उभी राहत असे.

मग तारा. क्लेमॅटिसला आयव्हीसारखी चिकटणारी मुळे नसतात, द्राक्षासारखे तणावे नसतात. ती पानाच्या देठाने धरते. देठाला काही बारीक लागले की तो त्याच्याभोवती वळतो, एक फेरा घेतो आणि काही दिवसांत जाड व कडक होतो. केंटमधल्या डाउन गावी राहणाऱ्या चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये चढणाऱ्या वनस्पतींवर जो प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला त्यात क्लेमॅटिसच्या अनेक जातींचे देठ आहेत. ते देठाला काडीने हलकेच घासत, दोऱ्याचे हलके फास त्यावर अडकवून ठेवत आणि तो किती वेळात वाकतो ते टिपून ठेवत. आजारपणाने घरात अडकलेला माणूस एका देठाच्या वळणाची तासन्‌तास वाट बघतो, हे चित्र मला फार जवळचे वाटते. देठ लहान असतो, त्याचा फेराही लहान. पेन्सिलीपेक्षा जाड आधार त्याला कवेत घेता येत नाही. म्हणून भिंतीत कडीचे खिळे ठोकून, विटेपासून दोन बोटे अंतर ठेवून, दर वीतभर उंचीवर आडव्या तारा ओढाव्या लागतात. सपाट भिंत ही या वेलीला मुळात परकी गोष्ट आहे.

हे मला तारा ओढताना कळले, आणि तेव्हा इगतपुरीच्या पुढे घाटात पाहिलेली मोरवेल आठवली. तीही क्लेमॅटिसच. दिवाळीनंतरच्या सहलीत वडील आम्हाला रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळ्या दाखवत. जाळी दिसतच नसे, तिच्यावर पांढरट, पिसांसारख्या केसाळ बियांचे पुंजके पसरलेले असत आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळे एकदम एका बाजूला कलत. सह्याद्रीच्या गडांवर पावसाळा ओसरताना चांदणीसारखी पांढरी फुले घेऊन येणारी रानजाई हीसुद्धा याच कुळातली. दोघींनाही भिंतीची गरज नसते. त्यांच्या देठांच्या मापाच्या काटक्या करवंदीला आणि घाणेरीला हव्या तितक्या असतात, आणि वेल कोणाची परवानगी न घेता त्यांच्या डोक्यावर जाऊन फुलते. लहानपणी मी ते पुंजके तोडून घरी आणले होते, तेव्हा ते पिशवीत चुरगळून गेले. फुलाच्या वेलीला फुलानंतरही एवढे रूप असते हे मात्र माझ्या मनात तेव्हापासून राहिले असावे. 'बिल मॅकेंझी' ही चौथी वेल मी निवडली ती त्या पुंजक्यांसाठी. पिवळ्या, जाड सालीच्या कंदिलांसारखी तिची फुले जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत येत राहतात. १९६८ मध्ये ती ऑक्सफर्डजवळच्या वॉटरपेरीच्या बागेत सापडली आणि चेल्सी फिजिक गार्डनचे प्रमुख बिल मॅकेंझी यांचे नाव तिला मिळाले. तिला आवरणे सोपे नाही, ती पाच-सहा मीटर सहज जाते, आणि लहान भिंतीवर ती लावू नये असा सल्ला मला अनेकांनी दिला होता. भिंत संपली तर ती कोपऱ्यातल्या हॉलीच्या झाडावर जाईल, एवढा विचार मी केला होता, आणि ती तशीच गेली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात या सगळ्या वेली कापाव्या लागतात. हलकेच आवरायच्या नसतात, जमिनीपासून गुडघ्याच्याही खाली, फूटभरावर, फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीच्या वर कापायच्या. गेल्या वर्षभराची सगळी वाढ, तारांमध्ये गुंतलेली, विस्कटलेली, तपकिरी, ओढून काढून टाकायची. उशिरा फुलणारी वेल न कापता ठेवली तर नवी वाढ जुन्या काडीच्या टोकापासून निघते, फुले भिंतीच्या माथ्यावर जातात आणि खाली नुसते वाळके खोड उरते. मला हे पुस्तकातून पाठ होते, तरी हात धजत नसे. एका वर्षी माझ्या बाळंतपणासाठी आई फेब्रुवारीतच आली होती. मला वाकता येत नव्हते, म्हणून मी खिडकीतून सांगणार आणि आई कापणार असे ठरले. मला धास्ती होती की बहरलेल्या वेलींचे फोटो वर्षभर पाहिलेल्या आईला हे बघवणार नाही. तिने सिकेटर हातात घेतले, पहिल्या वेलीशी बसली, काडी अंगठ्याने चाचपली आणि वर बघून म्हणाली, "अगं, ही तर खरड छाटणी!"

आईचे माहेर दिंडोरीचे, मामांच्या द्राक्षबागेत ती वाढलेली. एप्रिलच्या उन्हात ओलांड्यावर, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे ठेवून बाकीची काडी उतरवायची, ऑक्टोबरात पुन्हा गोडी छाटणी करायची, मग पुढे घड. हे तिने लहानपणापासून पाहिले आणि केलेही होते. तिचा हात कुठेही अडखळला नाही. "द्राक्षाला डोळे एकाआड एक असतात, हिला समोरासमोर आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. मी सांगितले की जोडीच्या थोडे वर काप, दोन्ही डोळे फुटतील. "आणि पुढची छाटणी कधी?" मी म्हटले, पुढच्या फेब्रुवारीत. "म्हणजे एकाच छाटणीत फुलते? मग चांगली गुणाची आहे." अर्ध्या तासात भिंत उघडी झाली. कापलेल्या काड्यांचा ढीग कोपऱ्यात लागला, आणि त्यात काही देठ अजून तारेचा तुकडा घट्ट धरून होते. नाशिकच्या द्राक्षांचे आणि वोकिंगच्या वेलींचे काही नाते असेल असे मला कधी वाटले नव्हते. ते नाते आईच्या मनगटात होते, आणि मी ते खिडकीच्या काचेतून पाहिले.

मार्चमध्ये लालसर कोंब मातीतून वर आले. तिथून पुढचे सहा आठवडे रात्रीचे असतात, कारण गोगलगाई रात्री येतात. कोवळ्या क्लेमॅटिसइतकी आवडीची वस्तू त्यांना दुसरी नसावी. आई बाळाला झोपवून, स्वेटरवर माझा कोट चढवून, बॅटरी घेऊन परसात जाई आणि त्या एकेक वेचून डब्यात घालून आणे. मे महिन्यात वेली दर आठवड्याला वीतभर वाढतात, आणि वाढतात त्या सरळ वर. त्यांना रोजच्या रोज आडवे वळवून तारेवर पसरावे लागते, नाहीतर सगळा बहर एका जागी गोळा होतो. कोवळी काडी काचेसारखी मोडते. आई ती दोन बोटांत धरून, पानाच्या मागून वळवत असे. जूनभर भिंत हिरवी होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोलिश स्पिरिटचे पहिले फूल आले, मग पांढरे, मग रोज सकाळी आणखी काही. आणि ऑगस्टच्या मध्यावर आई परत गेली. व्हिसाची मुदत होती, आणि घरी गौरी-गणपती होते. ती गेली त्या दिवशी पेर्ल दाझ्युरच्या कळ्या रंग दाखवायला लागल्या होत्या. भरलेली भिंत तिने पाहिली ती फोनच्या पडद्यावर, आणि व्हिडिओ कॉलवर ती सारखी म्हणत होती, "जरा जवळ ने, उजेड कमी आहे." तिने कापलेल्या, तिने वळवलेल्या वेलींची फुले तिने बघितली नाहीत, आणि मी ती महिनाभर रोज बघत होते. त्या वर्षीच्या बहराकडे मी निर्भेळ आनंदाने बघू शकले नाही. आजही भिंत भरली की पहिल्या क्षणी तीच रुखरुख वर येते.

पण ती भरते, हे सांगितलेच पाहिजे. भाद्रपदाच्या पहिल्या आठवड्यात तारा दिसत नाहीत. पांढऱ्या फुलांवर सायंकाळचा तिरपा उजेड पडतो, निळी त्याहून मागे सरल्यासारखी दिसतात, आणि हॉलीच्या काळपट पानांवर पिवळे कंदील लटकलेले असतात. विटांमध्ये दिवसभराची ऊब साठलेली असते. भिंतीला हात लावला तर ती अंधार पडल्यावरही जाणवते, आणि त्या उबेमुळेच मधमाश्या इथे इतर बागांपेक्षा उशिरापर्यंत रेंगाळतात. काही पाकळ्यांना रात्री कातरकिड्यांनी भोके पाडलेली असतात, कोरड्या वर्षी पानांवर भुरीचा पांढरा थर चढतो. मला त्याचे फारसे काही वाटत नाही. गणेश चतुर्थीला मी आल्बा लक्झुरिअन्सची फुले तोडते. वेलीचा रस अंगाला लागला तर काहींना खाजतो, म्हणून हातमोजे घालून तोडते, पाण्याच्या भांड्यात तरंगत ठेवते आणि ते भांडे मखराच्या पुढ्यात मांडते. दूर्वा इथल्या हिरवळीत मिळत नाहीत, केवडा मिळत नाही, पण परडीतले निदान एवढे तरी दारचे असते.

ऑक्टोबर संपता संपता फुले जातात आणि बिल मॅकेंझीच्या बियांचे रुपेरी झुबके राहतात. त्या सुमारास आम्ही गिल्डफर्डच्या पलीकडे खडूच्या टेकड्यांवर फिरायला जातो. वोकिंगची वाळू संपून पांढरी, चुनखडीची जमीन लागली की रस्त्याकडेच्या हॉथॉर्नच्या जाळ्यांवर इंग्लंडची स्वतःची रानटी क्लेमॅटिस दिसायला लागते, व्हिटाल्बा. करड्या, केसाळ बियांनी जाळीच्या जाळ्या झाकलेल्या. हीच वेल न्यूझीलंडमध्ये नेल्यावर तिथल्या रानांच्या जिवावर उठली, इथे मात्र ती आपल्या जागी आहे. मुलगी आता ते पुंजके तोडायला हात पुढे करते. मी तिला तोडू देते.

भिंतीच्या पलीकडे एक वयस्कर बाई एकट्याच राहतात. क्लेमॅटिसची फुले उन्हाकडे तोंड करतात, त्यामुळे चार वेलींचा सगळा बहर माझ्या बाजूला आणि त्यांच्या बाजूला नुसत्या पाठी, असे इतकी वर्षे चालले होते. त्यांनी तक्रार कधी केली नाही. यंदा मात्र त्यांनी मला बोलावून नेले आणि भिंतीची त्यांची बाजू दाखवली. ईशान्येला तोंड, सकाळचे दोन-तीन तास ऊन, मग दिवसभर सावली. नाश्त्याच्या वेळी त्या तिथे बसतात, ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त. गर्द रंग त्या सावलीत बुडून जाईल, व्हिटिसेलाला तेवढे ऊन बहुधा पुरणार नाही. मी त्यांना 'कॉन्तेस द बूशो' सुचवली आहे, जॅकमनीच्याच घराण्यातली, मोरेल यांचीच, फिकट गुलाबी, अर्ध्या सावलीतही मन लावून फुलणारी. मोठ्या फुलांची असल्याने मर रोगाची शक्यता थोडी आहे, ते मी त्यांना सांगितले, म्हणून रोप आणखी दोन बोटे खोल बसवायचे ठरले. खड्डा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी खणून देणार आहे. गोगलगाईंसाठी बॅटरी त्यांच्याकडे आहे. वाकणे त्यांना जमत नाही, तेव्हा फेब्रुवारीची छाटणी माझ्याकडे, आणि आईने यंदा लवकर यायचे ठरवले तर तिच्याकडे.